देवघरातली किल्ली

बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे हे फक्त ज्याच्या नावावर लायसन्स आहे त्यालाच माहीत असावं, असा इथला, ब्रिटनमधला, नियम आहे. बायकोला माहीत असता कामा नये, मुलांना नाही, पाहुण्यांना तर नाहीच. नियम करणाऱ्यांनी एकदा आमच्या घरी चार दिवस राहून बघायला हवं होतं. आमच्या ह्यांना स्वतःच्या कपाळावर चढवलेला चष्मा सापडत नाही. पायमोजे कुठल्या खणात, पासपोर्ट कुठल्या पिशवीत, मुलीकडे जायची गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवरून सुटते, सगळं मला विचारायचं आणि मी सांगितलं की "मला माहीत होतं" म्हणायचं.

किल्ली त्यांनी आधी बुटात लपवली आणि मग ते बूट जुन्या वस्तू घेणाऱ्या चॅरिटी शॉपला देऊन टाकले. दुसरी किल्ली गॅरेजमध्ये बियांच्या डब्यात ठेवली आणि विसरले, तेव्हा कुलूपवाल्याला बोलवावं लागलं. त्यानंतर एक दिवस हे काही न बोलता स्वयंपाकघरात आले आणि किल्ली माझ्यासमोर ओट्यावर ठेवून निघून गेले. मी ती देवघरात अन्नपूर्णेच्या पाटाखाली ठेवली. आमचं देवघर म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरशेजारचा एक कप्पा, पण तिथली वस्तू मी आजवर हरवलेली नाही. नियम मोडतोय हे दोघांनाही कळत होतं. पण घरातल्या किल्ल्या बाईकडे असतात हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात गुन्हा आहे असं कधी वाटलंच नाही.

बंदूक आमच्या घरात आली कशी, हे आधी सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याच्या भुवया तिथेच वर जातात. आमचं सगळं आयुष्य कॉव्हेंट्रीत गेलं. हे मोटारींच्या कारखान्यात गिअरबॉक्सच्या डिझाइनवर होते, मी शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर ह्यांना डोंगर हवे झाले. म्हणून आम्ही वेल्सच्या सीमेजवळच्या एका खेड्यात घर घेतलं. एक रस्ता, एक पब, एक चर्च आणि शेजारी मेंढ्या. कॉव्हेंट्रीत दार उघडलं की कोणीतरी ओळखीचं भेटायचं, भाजीवाल्याकडे मेथीची जुडी उचलेपर्यंत तीन घरच्या बातम्या कळायच्या. इथे माणसं भली होती, पण हवेबद्दल बोलायची आणि पुढे जायची. पहिलं वर्षभर आमच्या फाटकाच्या आत पोस्टमनशिवाय कोणी आलं नाही. मी कुंड्यांशी मराठीत बोलायला लागले होते. ह्यांना मी हसून सांगितलं की कढीपत्ता माझं सगळं ऐकतो, उलट उत्तर देत नाही. हे हसले नाहीत, कारण त्यांचंही तेच चाललं होतं.

मग शेजारच्या गृहस्थांनी ह्यांना एका शनिवारी क्लबात नेलं. ते निवृत्त पशुवैद्य, एकटे राहणारे, बोलण्यापेक्षा मान हलवण्यावर भर. तो क्लब म्हणजे डोंगरापलीकडचं एक कुरण. तिथे यंत्रातून मातीच्या बशा हवेत उडवायच्या आणि बंदुकीने फोडायच्या. ज्याची पाळी असेल तो "पुल" असं ओरडला की दुसरा बटण दाबून बशी सोडतो. हे घरी आले ते कानापर्यंत हसत. बशीच्या पुढे किती अंतरावर नेम धरायचा हे मला कागदावर काढून दाखवलं. मी म्हटलं, हे तर नववीचं गणित आहे. पण त्यांचा चेहरा बघून पुढे बोलले नाही.

लायसन्ससाठी अर्ज झाला, डॉक्टरांचं पत्र गेलं, पोलिसांच्या लायसन्स खात्याचा माणूस येऊन घर बघून गेला, जिन्याखाली भिंतीला लोखंडी कपाट ठोकलं गेलं. मी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. आपल्या सात पिढ्यांत कोणी उंदीर मारला नाही आणि तुम्हाला बंदूक कशाला, असं मी म्हणाले. पण शनिवारी दुपारी क्लबातली माणसं ह्यांना फाटकापर्यंत सोडायला यायला लागली. त्यांनी ह्यांचं नाव कापून अर्धं केलं होतं आणि ह्यांना ते आवडत होतं. ह्यांच्या कोट्यांवर हसणारी माणसं त्यांना या वयात मिळाली होती. मला तसं कोणी मिळालं नव्हतं. मला हेवा वाटायचा, पण रागही विरला.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा होते. कॉव्हेंट्रीत पाटावर ह्यांचा मायक्रोमीटर, माझी कंपासपेटी आणि विळी असायची. खेड्यात त्यात बंदूक आली. हे स्वतः ती कपाटातून काढायचे, रिकामी असल्याची दोनदा खात्री करायचे आणि मी तिला लांबूनच हळदकुंकू वाहायची. एका वर्षी शेजारच्यांनी ते पाहिलं. टोपी काढून उभे राहिले आणि नंतर बेसनाचा लाडू खात म्हणाले, की ज्याने इजा होऊ शकते त्या वस्तूला वर्षातून एकदा नमस्कार करायची ही पद्धत सगळ्या क्लबाने घ्यायला हवी.

हे बदलले ते कधी, हे मला नेमकं सांगता येत नाही. कारण असं एकच नव्हतं. पुण्याचे मोठे दीर गेले आणि त्यांचं शेवटचं दर्शन ह्यांनी फोनच्या पडद्यावर घेतलं. कान कमी झाले आणि क्लबातले विनोद अर्धवट ऐकू यायला लागले. माणसं हसली की हेही हसायचे, पण जरा उशिरा. कानाचं यंत्र लावल्यावर वाऱ्याचा आवाज जास्त आणि माणसांचा कमी, म्हणून ते खणात गेलं. मग एका शनिवारी पाऊस म्हणून गेले नाहीत. पुढच्या शनिवारी ऊन होतं तरी गेले नाहीत. हळूहळू घरातही बोलणं आटलं. सकाळी खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहायचे. मी चहा ठेवायची, तो तसाच निवायचा.

एकटीने राहण्यापेक्षा गप्प माणसासोबत राहणं जास्त एकटं असतं. मी टीव्ही लावून ठेवायची, नुसता माणसाचा आवाज हवा म्हणून. मुलगी लंडनमध्ये इल्फर्डला असते. रविवारी फोन करायची. तिचं मराठी आमच्यामुळे आलं तेवढंच. "आई, बाबा ओके आहे ना? त्याचा आवाज असा फ्लॅट का वाटते?" मी म्हणायची, थंडी आहे, वय झालं, तू काळजी करू नकोस. हे सांगताना मी त्यांच्याच पाठीकडे बघत असायची.

शेवटी मी त्यांना सर्जरीत, म्हणजे जवळच्या गावातल्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होत्या, घाई न करणाऱ्या. झोप कशी आहे, भूक कशी आहे, मन कसं आहे, सगळं विचारलं. ह्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं की सगळं उत्तम आहे, फक्त कान. एवढा उत्साह मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मी तोंड उघडलं, तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. घरी येताना गाडीत मी भडकले. खोटं कशाला बोललात, असं विचारलं. त्यावर हे रस्त्यावरची नजर न हटवता म्हणाले,

"खरं सांगितलं की तिच्या कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढे खूण होणार. दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन बंदूक नेणार. मग शनिवारी मी जायचं कुठे?"

"तुम्ही आत्ता तरी कुठे जाता?" मी म्हणाले.

त्यांनी गाडीचा वेग वाढवला. या विषयावर मी नंतर लोकांना तावातावाने भांडताना ऐकलं आहे, पण माझ्यासाठी तो सगळा वाद गाडीतल्या त्या चार वाक्यांत होता. बंदूक जाईल या भीतीने माणूस डॉक्टरशी खोटं बोलत होता, आणि घरात बंदूक होती.

मार्चमध्ये ते अचानक बरे वाटायला लागले. शेजारच्यांची शिडी कधीपासून आमच्या गॅरेजमध्ये पडली होती, ती पुसून परत देऊन आले. मला बोलावून बॉयलरचा दाब कमी झाला तर कुठला नळ किती फिरवायचा ते शिकवलं. आजवर त्या बॉयलरला मी हात लावला तर अंगावर यायचे. रेडिएटरमधली हवा कशी काढायची ते माझ्याकडून दोनदा करून घेतलं. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी शिरा केला. मुलीला फोन करून सांगितलं की बाबा सुधारले.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारची गोष्ट. मी सकाळी कणीक मळत होते. हे चहाच्याही आधी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. भांग नीट पाडलेला होता. म्हणाले, "किल्ली दे जरा. बंदूक पुसून ठेवतो."

बंदूक वापरली की पुसायची असते. ती कित्येक महिन्यांत वापरलीच नव्हती. पण माझ्या डोक्यात हा हिशोब नंतर आला. आधी शिडी, बॉयलर, रेडिएटर, सगळं एकदम डोळ्यासमोर उभं राहिलं. मी सुधारणा समजून जिच्यासाठी शिरा केला होता, ती निरवानिरव होती.

मी म्हटलं, "नाही देणार."

"का?"

कारण सांगायला तो शब्द उच्चारावा लागणार होता. आमच्यात अशा गोष्टी बोलत नाहीत. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो असं लहानपणापासून कानावर पडलेलं. वाईट बोललं की ते घडतं, म्हणून जीभ चावायची. मीही महिनोन्‌महिने जीभ चावूनच बसले होते. पण तेव्हा माझ्याकडे दुसरा काही मार्गच उरला नव्हता.

"तुम्ही जीव द्यायचं मनात आणलंय का?"

ते म्हणाले, "आज विचारू नकोस."

"आजच विचारतेय. आणि उत्तर मिळेपर्यंत इथून हलणार नाही."

त्यांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, "हो." इतकंच. मला वाटलं होतं की ते चिडतील, मला वेडी म्हणतील. तसं म्हणाले असते तर मी आनंदाने वेडी झाले असते. मी कणकेच्या हाताने पाट उचलला, किल्ली काढली आणि मुठीत धरली. ते मुठीकडे बघत होते. अंगाने ते माझ्या दुप्पट. मला भीती वाटली, आणि या माणसाची मला आयुष्यात कधी भीती वाटली नव्हती. मग ते संतापले. माझ्यावर कधी चढवला नव्हता असा आवाज चढवला. मी कोण लागून गेले, मी त्यांना तान्हं बाळ समजते का, त्यांच्या वस्तूवर माझा काय हक्क. मी ऐकून घेतलं. उलट उत्तर दिलं नाही, ही माझ्या संसारातली बहुधा पहिलीच वेळ. ओरडून झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि रडायला लागले. मी खाली जमिनीवर त्यांच्या पायाशी बसले. एका हाताने त्यांचा गुडघा धरला होता आणि दुसऱ्या हातात किल्ली होती.

तशाच हाताने मी शेजाऱ्यांना फोन केला, मग सर्जरीला. शेजारी सपाता घालूनच आले. त्यांनी ह्यांच्यासमोर खुर्ची घेतली आणि काहीही विचारलं नाही, फक्त बसून राहिले. डॉक्टर स्वतः फोनवर आल्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, ह्यांच्याशीही बोलल्या आणि त्याच दिवशी घरी मदत पाठवली. माझ्याशी बोलताना त्यांनी सांगितलं की असा झटका पुष्कळदा ओसरतो. तो ओसरेपर्यंत माणूस आणि ती वस्तू यांच्यात अंतर ठेवणं, एवढं आपल्या हातात असतं. बाकीच्या उपचारांना त्यानंतर वेळ मिळतो.

डॉक्टरांनी कळवल्यामुळे दुपारी पोलीस आले. दोघे होते, साध्या कपड्यांत, आवाज खाली ठेवून बोलणारे. कपाट उघडायला किल्ली मागितली तर ती माझ्या मुठीतून निघाली, दात्यांत कणीक वाळलेली. मोठा अधिकारी किल्लीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. ही तुमच्याकडे कशी, असं त्याने विचारलं. मी खरं सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात सकाळपासून जवळजवळ गप्प असलेले हे बोलले. म्हणाले, चूक माझी आहे, किल्ली मी तिला सांभाळायला दिली, तिच्यावर काही लिहू नका. मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. अधिकारी म्हणाला की त्याला ते नोंदवावंच लागेल. मग जाताना दारात थांबून म्हणाला, मॅडम, नियम मोडलात हे चूकच, पण आज तुम्हाला दुसरं काही बोलायचं माझ्या जिवावर येतंय.

बंदूक गेली. पण सगळं ठीक झालं असं कोणाला वाटत असेल, तर तसं झालं नाही. गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, परत सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा ह्यांना बोलतं करणाऱ्या एका बाईंकडे जायचं असायचं. मुलगी येऊन राहिली, परत गेली, परत आली. आणि हे माझ्याशी बोलत नव्हते. डॉक्टरांशी बोलायचे, शेजाऱ्यांशी एखादं वाक्य, मुलीशी दोन. माझ्याशी फक्त मीठ दे, दार लाव. मी त्यांना वाचवलं होतं आणि त्यांनी मला त्याची शिक्षा दिल्यासारखं चाललं होतं. त्यातून मी सारखी पाळतीवर. बाथरूममध्ये जरा उशीर झाला की काहीतरी निमित्त काढून दार वाजवायची. ते आतून "आहे" म्हणायचे. नुसतं "आहे". आमच्या संसाराचं तेवढंच संभाषण उरलं होतं.

आणि हे मी मुलीशिवाय आपल्या माणसांत कोणालाच सांगितलं नाही. कॉव्हेंट्रीच्या मैत्रिणींना सांगितलं की कानांमुळे ह्यांनी नेमबाजी सोडली. पुण्याला नणंदेला सांगितलं की बीपीचा त्रास आहे. लोक काय म्हणतील हा प्रश्न समुद्र ओलांडून आमच्याबरोबर आला होता आणि इथे त्याला पेन्शनही लागू झाली होती. संध्याकाळी मी फोन हातात घेऊन बसायची आणि कोणाचंही नाव न दाबता खाली ठेवायची. इथे हेल्पलाइनवर रात्रंदिवस ऐकायला बसलेली माणसं असतात, त्यांना एकदा फोन केला. पलीकडची बाई इतक्या मायेने बोलली की मी हुंदके देऊन रडले. पण मला मराठीत रडायचं होतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी आम्ही परसातल्या शेंगा मोडत बसलो होतो. माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "तुला सांगू का? तू नाही म्हणालीस ना, तेव्हा मला तुझा इतका राग आला, इतका राग आला, की तेवढा वेळ दुसरं काही सुचलंच नाही. ते जे डोक्यात होतं, ते त्या रागाने बाजूला ढकललं. मग रडू आलं. मग तो घरात आला सपाता घालून. आणि मग ती वेळ गेली."

मी म्हटलं, "म्हणजे माझा राग राग करण्याचा काहीतरी उपयोग झाला."

ते हसले. जरा उशिरा हसले, पण कान कमी म्हणून नव्हे. मग त्यांनी माझ्या पुढ्यातल्या अर्ध्या शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत बसलो. बहुतेक तेच बोलले.

त्या पानझडीत क्लबाने गावच्या हॉलमध्ये बैठक घेतली. बंदुकीच्या लायसन्समध्ये डॉक्टरांनी किती लक्ष घालावं, यावर सभासदांचं म्हणणं काय, असा विषय. हे म्हणाले, मला जायचंय. मी बरोबर गेले. एकजण म्हणाला, डॉक्टरला खरं सांगितलं की बंदूक जाते हे माहीत असेल तर कोण तोंड उघडेल, तुम्ही माणसांना गप्प करताय. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी ते गाडीत माझ्या कानाने ऐकलं होतं. दुसरा म्हणाला की ज्याला मरायचंच आहे तो काहीतरी मार्ग काढतोच, कपाटं रिकामी करून काय होणार. त्यावर दोनचार माना हलल्या आणि माझं डोकं फिरलं. मी सभासद नव्हते, तरी उभी राहिले. मी म्हटलं, तुम्ही "मरायचंच आहे" असं म्हणता ते कोणाबद्दल? माझ्या नवऱ्याला सकाळी मरायचं होतं. संध्याकाळी त्याला वरणभात हवा होता. त्या दोन माणसांपैकी खरा कोणता, हे तुम्ही कोण ठरवणार? मला मधला दिवस हवा होता, तो मला एका कुलपाने दिला.

वाद त्याने मिटला नाही, मिटणारही नाही, आणि पहिल्या गृहस्थाला द्यायला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. फक्त एवढं वाटतं की बंदूक काढून घेताना माणसाचा शनिवार काढून घेऊ नये. चहाच्या वेळी शेजारच्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, यंत्राच्या बटणावर आम्हाला माणूस हवाय, येशील का? बटणाला लायसन्स लागत नाही. तेव्हापासून हे दर शनिवारी जातात, दुसऱ्यांनी "पुल" म्हटलं की बशी सोडतात. तो शब्द त्यांना ऐकू येत नाही म्हणून नेमबाज हात वर करतात. सगळ्या क्लबाने ती सवय लावून घेतली आहे.

शनिवारची सकाळ मात्र अजून माझी जात नाही. डोंगरापलीकडून बार ऐकू येतात आणि मी हातातलं काम थांबवते. ते गेले आहेत तिथे चारचौघांत आहेत हे कळतं. तरी ते परत येऊन फाटक वाजेपर्यंत मी पाणीसुद्धा नीट पीत नाही. हे सांगायला अजूनही जवळ कोणी नसतं.

या संक्रांतीला आम्ही कॉव्हेंट्रीच्या मंडळाच्या तिळगुळाला गेलो होतो. शाळेचा हॉल, घडीच्या खुर्च्या, जुनी मंडळी आणि पुण्या-नागपूरकडून व्हिसावर आलेली तरुण जोडपी. जेवताना एकाने ह्यांची चेष्टा केली, की काय साहेब, बंदूक गंजली की काय, आता ग्रुपवर नेमबाजीचे फोटो टाकत नाही? मी घाईघाईने म्हणाले, अहो कानांमुळे सोडलं त्यांनी. ह्यांनी ताट खाली ठेवलं.

"कानांमुळे नाही," ते म्हणाले. "मला जीव द्यावासा वाटत होता. हिने मला बंदूक मिळू दिली नाही. आता बरा आहे, औषधं चालू आहेत."

बोलून त्यांनी पुन्हा गुळाची पोळी हातात घेतली. ऐकू कमी येत असल्यामुळे ते जरा मोठ्यानेच बोलले होते. आजूबाजूच्या चार टेबलांवरच्या माना वळल्या. कोणीतरी तूप वाढायला आलं, कोणीतरी थंडीचं बोललं. माझे कान तापले होते. इतके महिने आपल्या माणसांपासून दडवलेलं या माणसाने पोळीवर तूप घेता घेता सांगून टाकलं होतं. मला राग आला, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की मी आणखी एक पोळी मागून घेतली.

जेवणं झाल्यावर मी एकटीच हॉलच्या मागे भांडी विसळायला गेले. तिथे एक मुलगी आली, तिशीचीही नसेल, काठापदराची साडी आणि वरून कोट. नागपूरहून येऊन दीड वर्ष झालं म्हणाली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. तो बाहेर गाडीत जाऊन बसला होता, जेवला नव्हता. तिने विसळलेलं एक पातेलं पुसायला घेतलं आणि ते पुसतच राहिली.

"काकू," ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं गं," मी म्हटलं. "मी विचारलं."

"म्हणजे नेमकं कसं विचारलंत? कुठल्या शब्दांत?"

मी नळ बंद केला. हात पुसले आणि ते शब्द तिला सांगितले, जसेच्या तसे, एकही मऊ न करता. तिने डोळे मिटून ते एकदा पुटपुटले. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हटले. मग पातेलं माझ्या हातात दिलं आणि कोटाची बटणं लावत गाडीकडे निघाली. मी ह्यांना बोलावलं, आणि तिच्यामागून आम्ही दोघंही पार्किंगमध्ये गेलो.